अशक्तपणाच्या आड दडलेले दुःख

“अंगात त्राण नाही, कंबर धरते, डोळ्याला डोळा लागत नाही,” असे सांगत पुष्कळ स्त्रिया दवाखान्यात येतात. लोहाच्या गोळ्या, एखादे शक्तीचे औषध घेऊन त्या परत जातात. अशा तक्रारींच्या मुळाशी कित्येकदा मनाचे दुःख असते. गोव्यातील संशोधनाने ही गोष्ट आकड्यांनिशी पुढे मांडली. त्या संशोधनाचे अग्रणी म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल.

पटेल यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले आणि मानसोपचाराचे इंग्लंडात. १९९० नंतरच्या दशकात ते आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात संशोधनासाठी राहिले. तेथील शोना भाषा बोलणारे रुग्ण आपल्या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, असे म्हणत. रोगाची ओळख रोग्याच्या बोलीतूनच पटते, हा धडा तेथे मिळाला. पुढे १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसमवेत गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली.

या मंडळींनी प्रथम बाळंतिणींकडे लक्ष दिले. एका जिल्हा रुग्णालयात सुमारे २७० गर्भवती स्त्रियांची नोंद करून, प्रसूतीनंतर त्यांची पुन्हा विचारपूस केली. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा ते आठ आठवड्यांनी शंभरांतील तेवीस मातांना नैराश्याने ग्रासले होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही त्यातून सुटल्या नव्हत्या. दारिद्र्य आणि नवऱ्याची मारहाण ही त्यामागील कारणे होती. मुलगी जन्मली म्हणजे या कारणांचा जाच अधिकच वाढे. मातेच्या दुःखाचा भार बाळावरही पडतो. नैराश्यग्रस्त मातांच्या बाळांचे वजन सहा महिन्यांनी कमी भरण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती.

त्यानंतर २,४९४ स्त्रियांची पाहणी झाली. दीर्घकाळचा थकवा रक्तातील हिमोग्लोबिनवर अवलंबून नसून गरिबी, घरातील स्त्रीचे दुय्यम स्थान आणि मनःस्वास्थ्य यांच्याशी निगडित आहे, असे २००५ साली दिसून आले. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंधही जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी अधिक आढळला. रक्त तपासणे अर्थातच चुकीचे नव्हे. परंतु तेवढ्यावर थांबणे अपुरे होय.

मग उपाय कोणी करावा? आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि तेही शहरांत. म्हणून वस्तीतीलच सामान्य स्त्रियांना शिकवून ‘सखी’ म्हणून नैराश्यग्रस्त गर्भवतींच्या घरी पाठविण्याचा प्रयोग गोव्यात झाला. २८० स्त्रियांवरील या प्रयोगाचे फळ २०१९ साली प्रसिद्ध झाले. सखीची साथ लाभलेल्यांत बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. हा लाभ माफकच. पण तो आपल्याच माणसांकरवी मिळाला, हे विशेष.

ही शिकवण गोव्यापुरती मर्यादित नाही. सुरतेजवळच्या कडोदऱ्यासारख्या कापड-उद्योगाच्या गावी दूरदूरची कुटुंबे पोटासाठी येतात. तेथील पहिलटकरणीला माहेर जवळ नसते आणि शेजारणीची भाषाही अनेकदा वेगळी असते. अशी स्त्री अशक्तपणाची तक्रार करील, तेव्हा औषधाबरोबर तिला आणखी एक प्रश्न विचारला जावा: बाई, घरी सारे ठीक आहे ना? त्याचे उत्तर ऐकून घेण्याइतकी सवड मात्र विचारणाऱ्यापाशी हवी.