ऊन म्हणजे लोकर नव्हे

तात्यापाऱ्याच्या नावातच दोन भाषा नांदतात. ‘तात्या’ आपले, ‘पारा’ छत्तीसगढी. पारा म्हणजे आळी. शारदा चौकाकडून येणाऱ्या अरुंद, गजबजलेल्या रस्त्यावरून आत वळलं की एखाद्या खिडकीतून मराठी कानावर येतं आणि त्याच घरातलं पोर दारात हिंदीत भांडत असतं. कविता घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माझ्यासारख्याची खरी परीक्षा इथे होते. नागपूर-गोंदियाला चालून गेलेली ओळ रायपुरात अडखळते, आणि अडखळली की मला तिचं हाड कुठे कच्चं आहे ते कळतं.

असंच एका घरच्या बैठकीत झालं. वीस-पंचवीस माणसं. आज्या खुर्च्यांवर, पोरं सतरंजीवर. माईक नव्हता. मी अंगणाची कविता सुरू केली. दुपारचं ऊन अंगणभर पसरलंय, असं म्हणून थांबलो. पुढ्यातली आठ-नऊ वर्षांची मुलगी आजीच्या कानाला लागली, पण ऐकू सगळ्यांना आलं: “आजी, इतनी ऊन? स्वेटर बनाना है क्या?”

हिंदीत ऊन म्हणजे लोकर. तिच्या डोळ्यांसमोर अंगणभर लोकरीचे गुंडे लोळत होते.

त्या रात्री मी वही काढून बसलो. असे शब्द किती तरी निघाले. ‘शिक्षा’ म्हटलं की या मुलांना शाळा दिसते, ‘राग’ म्हटलं की गाणं, ‘चेष्टा’ म्हटलं की प्रयत्न. घरात मराठी बोलणारी, शाळेत हिंदी शिकणारी ही मुलं. चूक त्यांची नाही. छापलेल्या कवितेत वाचक मागे जाऊ शकतो, थांबू शकतो, घरातल्या मोठ्यांना विचारू शकतो. ऐकणाऱ्याच्या हातात पान नसतं. ओळ निसटली की गेली. तो त्या शब्दापाशी अडकतो आणि कवी चार ओळी पुढे निघून जातो.

ऊनच्या जागी ‘धूप’ घालायला मन धजेना. कवितेच्या मध्ये थांबून अर्थ सांगणं तर त्याहून वाईट, श्वासच तुटतो. मग ओळींची जागा बदलली. आधी फरशीवर पाय भाजणं आणलं, मग डोळ्यांवर धरलेला हात, आणि त्यानंतर ऊन. आता शब्द येण्याआधी चटका येतो. म्हणताना मी स्वतः डोळे बारीक करतो. अभिनय म्हणून नाही. तसं केल्याशिवाय ‘ऊ’ हवा तेवढा लांबतच नाही.

हे काम बरंचसं गाडीत होतं. रायपूरहून नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर. डोंगरगड मागे पडलं की महाराष्ट्र, मग दरेकसा, सालेकसा. मी दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभा राहून पुटपुटतो. रुळांच्या आवाजातही जी ओळ मला स्वतःला ऐकू येते ती सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, हा माझा अनुभव. माईक असला तर तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका. समोर धरला तर प्रत्येक ‘प’ आणि ‘फ’ फुटतो. नवी कविता पहिली म्हणायची नाही. आधी एक पाठ असलेली. तेवढ्यात सभेचा श्वास कळतो.

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी एकत्र काव्यवाचनं करत महाराष्ट्र पालथा घातला. तिघांचे आवाज तीन तऱ्हेचे, आणि कविता कानानेच आधी घ्यायची असते हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना पटवलं. पण मला त्याहून मागचं एक पुस्तक जवळचं वाटतं. दासबोधाच्या चौदाव्या दशकात निःस्पृहाची लक्षणं, मग भिक्षा, मग कवित्वकला, मग कीर्तन असे समास ओळीने येतात. फिरत्या कवीचं सगळं आयुष्य या क्रमात आहे. मानधनाचं पाकीट आणि परतीचं तिकीट जुळवताना मला भिक्षेचा समास हटकून आठवतो, कवित्वाच्या आधी आलेला. त्या दासबोधाचं हिंदी भाषांतर माधवराव सप्रे यांनी केलं. 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणारे सप्रे याच रायपुरात 1926 साली वारले. त्यांनी मराठी शब्द हिंदीत नेले. मी मराठी शब्द मराठीच ठेवून हिंदी कानात नेऊ बघतो, आणि अनेकदा हरतो.

पुढच्या खेपेला त्याच घरी गेलो. तीच सतरंजी, तीच मुलगी. अंगणाची कविता म्हटली. पाय भाजले, हात डोळ्यांवर गेला, ऊन आलं. तिने सतरंजीवर पसरलेले पाय चटकन फ्रॉकखाली ओढून घेतले.