एका स्पॅनिश क्रियापदाची रूपे

मराठीतील आख्यात शिकविताना कोष्टके पाठ होतात, परंतु रूप का पालटले हे मुलांस उमगत नाही. अशा वेळी परभाषेतील एखादे नियमित क्रियापद शिक्षकाने पाहून ठेवावे. स्पॅनिशमधील ‘आब्लार’, म्हणजे बोलणे, हे त्यास योग्य आहे.

शेवटचा ‘आर’ काढला की ‘आब्ल’ हा धातू उरतो. वर्तमानकाळी आब्लो (मी बोलतो), आब्लास (तू बोलतोस), आब्ला (तो बोलतो), आब्लामोस (आम्ही बोलतो) अशी रूपे होतात. ‘बोलतो’ व ‘बोलते’ हा लिंगभेद तेथे नाही. भविष्यकाळी मात्र ‘आर’ न काढता प्रत्यय लागतो : आब्लारे, मी बोलेन.

भूतकाळ दोन. ‘आब्लो’ म्हणजे तो बोलला. ‘आब्लाबा’ म्हणजे तो बोलत असे. रीतिभूतकाळ मराठी मुलाच्या तोंडी असल्याने हा भेद त्यास जड जात नाही. घोटाळा आघाताचा आहे. ‘आब्लो’ उच्चारताना जोर पहिल्या अक्षरावर असेल तर मी बोलतो, अंत्य अक्षरावर असेल तर तो बोलला! सबब रूपे प्रथम कानांवर पडावीत, कोष्टक मागाहून.

इच्छा सांगताना ‘आ’चा ‘ए’ होतो : ‘किएरो के आब्ले’, त्याने बोलावे अशी माझी इच्छा आहे. इंग्रजीच्या द्वारे शिकणारा येथे अडखळतो. मराठी विद्यार्थ्याजवळ ‘बोलावे’ हा विध्यर्थ तयारच असतो. आज्ञार्थी ‘आब्ला’ म्हणजे बोल. पण निषेध करताना ‘नो आब्लेस’ असे म्हणावे लागते, जसे आपणही ‘बोल’ सोडून ‘बोलू नकोस’ म्हणतो.