कचारगडचा सूर : देवाचा आवाज ऐकण्याची गोंडी रीत

गोंदिया : देव माणसाशी बोलतो का आणि बोलत असल्यास ते ऐकू कसे यावे, हा प्रश्न सर्वच धर्मपरंपरांना पडलेला आहे. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात असलेल्या कचारगडच्या गुहेशी निगडित गोंडी परंपरेने त्याचे उत्तर एका तंतुवाद्याच्या सुरात शोधले आहे.

कथेनुसार माता कली कंकालीची ३३ मुले या गुहेत कोंडली गेली होती. दारावरची प्रचंड शिळा काही केल्या हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकाने बाहेर किंगरी छेडली. ते सूर कानी पडताच मुलांच्या अंगी बळ संचारले आणि त्यांनी शिळा लोटून दिली. त्याच शिळेखाली हिरासुकाचा अंत झाला. सुटलेल्या मुलांना पारी कुपार लिंगो यांनी शिकवण दिली. तीच कोया पुनेम. दरवर्षी माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतील गोंड भाविक येथे येतात, ते या स्मृतीला वंदन करण्यासाठी.

वाद्याचे हे महत्त्व कथेपुरते नाही. गोंडांचे परंपरागत गायक असलेले परधान बाना वाजवून बडादेवाला आवाहन करीत आले आहेत. या देवाचा वास साज, म्हणजेच ऐनाच्या झाडात मानला जातो.

रोजच्या जगण्यात मात्र हे ऐकणे आचरणातून घडते. परंपरेनुसार प्रत्येक गोत्राने एक प्राणी, एक पक्षी आणि एक वनस्पती जपायची असते. नवे धान्य देवाला अर्पण केल्याखेरीज खायचे नाही, अशी रीत आहे. हात आवरण्याची ही सवयच देवाची खूण ओळखायला शिकवते.

तरीही ऐकू आलेला आवाज देवाचा की आपल्याच इच्छेचा, ही शंका उरतेच. महात्मा गांधींनाही ती विचारली गेली. ८ मे १९३३ रोजी येरवडा तुरुंगात सुरू केलेल्या २१ दिवसांच्या उपोषणामागे अंतरीचा आवाज असल्याचे त्यांनी सांगितले होते. असा आवाज ऐकण्याची पात्रता दीर्घ आत्मसंयमानेच येते, अशी त्यांची भूमिका होती. गोंडी परंपरेत हा संयम एकट्याचा नसतो. तो साऱ्या गोत्राने पाळायचा असतो.

आज चिंता आहे ती भाषेची. देशात गोंडांची संख्या एक कोटीहून अधिक असली, तरी २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाखच होते. घटनेच्या आठव्या अनुसूचीत या भाषेला अद्याप स्थान नाही. बडादेवाची गाणी आणि लिंगोंची शिकवण पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिली ती याच भाषेत. ती घरात बोलली गेली नाही, तर माघ पौर्णिमेची गर्दी कायम राहील. परंतु किंगरीचा सूर कानी पडूनही त्याचा अर्थ नव्या पिढीपर्यंत पोहोचणार नाही.