महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कचरा व्यवस्थापनातील भूमिका

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ही महाराष्ट्र शासनाची वैधानिक संस्था राज्यातील कचऱ्याच्या विल्हेवाटीवर देखरेख ठेवते. कचरा गोळा करणे, वाहून नेणे व त्यावर प्रक्रिया करणे ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी असून परवानगी, तपासणी व कारवाई ही मंडळाची कामे आहेत. मीरा-भाईंदर शहराच्या डोंगरी-उत्तन भागातील क्षेपणभूमीच्या प्रश्नात ही विभागणी स्पष्ट दिसते.

स्थापना
महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम, 1969 अन्वये 7 सप्टेंबर 1970 रोजी मंडळाची स्थापना झाली. पुढे केंद्राचे जल (1974), वायू (1981) आणि पर्यावरण संरक्षण (1986) हे कायदे त्याच्या कामाचा आधार बनले. मंडळाचे मुख्यालय मुंबईत शीव येथे आहे.

घनकचरा
घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार प्रक्रिया प्रकल्प किंवा भरावभूमीसाठी मंडळाचे प्राधिकारपत्र आवश्यक ठरले. भरावभूमी नदीपासून 100 मीटर, तर तळी, वस्ती, महामार्ग व पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून 200 मीटर दूर असावी, असा निकष त्यात होता. अर्जावर 60 दिवसांत निर्णय घेणे, अंमलबजावणीचा वर्षातून किमान दोनदा आढावा घेणे आणि अटींचा भंग झाल्यास प्राधिकारपत्र रद्द करणे ही कर्तव्ये मंडळाकडे सोपवण्यात आली. स्थानिक संस्थांनी 30 जूनपर्यंत मंडळाला व मंडळाने 31 जुलैपर्यंत केंद्रीय मंडळाला वार्षिक अहवाल द्यावा, असे ठरले.

इतर कचरा
जैववैद्यकीय कचऱ्यासाठी मंडळ हेच विहित प्राधिकरण आहे. 75 किलोमीटरच्या आत सामायिक सुविधा उपलब्ध असल्यास रुग्णालयाला स्वतःचा प्रक्रिया प्रकल्प उभारता येत नाही. उद्योगांतील घातक कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी आदी ठिकाणच्या सामायिक केंद्रांत पाठवला जातो. त्यांवरही मंडळाचे नियंत्रण असते.

डोंगरी-उत्तन परिसर
डोंगरी, उत्तन, चौक, पाली व तारोडी ही भाईंदरच्या पश्चिमेकडील किनारपट्टीची गावे आहेत. मासेमारी व शेती हे येथील पारंपरिक व्यवसाय होत. 2002 मध्ये स्थापन झालेली मीरा-भाईंदर महानगरपालिका शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर नेते. साचलेल्या कचऱ्याला वारंवार लागणाऱ्या आगी, धूर, दुर्गंधी आणि उतारावरून शेतांकडे व विहिरींकडे झिरपणारे दूषित पाणी (लीचेट) यांविषयी रहिवासी तक्रारी करत आले आहेत. हा वाद राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेला. महापालिकेने जुन्या कचऱ्याच्या जैवउत्खननाचे (बायोमायनिंग) काम हाती घेतले.

मर्यादा
प्रदूषण करणारा कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेश मंडळ देऊ शकते. क्षेपणभूमीच्या बाबतीत हा उपाय सहज वापरता येत नाही. शहरात रोज निर्माण होणाऱ्या कचऱ्यासाठी पर्यायी जागा नसल्यास ती बंद केल्याने कचरा रस्त्यावर साचतो. त्यामुळे नोटिसा, निर्देश, पर्यावरणीय नुकसानभरपाई आणि न्यायालयीन खटला हेच मार्ग प्रामुख्याने उरतात. नुकसानभरपाईची रक्कमही अखेर महापालिकेच्या, म्हणजेच नागरिकांच्या निधीतून जाते. म्हणून ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे आणि प्रभागांमध्ये विकेंद्रित प्रक्रिया करणे यांवर नियमांचा भर आहे. डोंगरावर जाणारा कचरा त्यातूनच कमी होऊ शकतो.