किल्ली ज्याच्या हाती, त्याचाही हिशेब हवा

आभासी चलनाच्या एक्सचेंजने ग्राहकाची ओळख सरकारला द्यावी की त्याचे खासगीपण जपावे, हा वाद आम्हाला अपुरा वाटतो. पुण्यात जे घडले ते पाहा.

'गेनबिटकॉइन' योजनेत दरमहा दहा टक्के परताव्याच्या आमिषाने हजारो लोक फसले. २०१८ साली पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली आणि तपासात दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली. मार्च २०२२ मध्ये त्याच दोन तज्ज्ञांना अटक झाली. आरोपींच्या खात्यांतील चलन त्यांनी स्वतःकडे वळवले, असा आरोप आहे. चोराला पकडायला कायदा आहे. पण किल्ली ज्याच्या हाती दिली, त्याच्यावर पहारा कोणाचा?

ओळख तपासलीच पाहिजे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने एक्सचेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले. ग्राहकाची ओळख पटवणे, नोंदी जपणे, संशयास्पद व्यवहार कळवणे बंधनकारक झाले. नोंदीच नसतील तर लुबाडलेल्या गरिबाचा पैसा शोधणार कसा?

परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. म्हणून एक्सचेंजने कायद्याला लागेल तेवढीच माहिती घ्यावी, लेखी कायदेशीर मागणीशिवाय ती कोणाला देऊ नये, आणि ती कोणी, कधी, कशासाठी पाहिली याची नोंद ठेवावी. तपास यंत्रणेलाही हाच नियम लागू करा.

हक्क संविधानाने दिला आहे. हिशेब मात्र आपणच मागितला पाहिजे!