पंचेंद्रियांचा घाट

उद्यान किंवा चौक आखताना आपण बहुधा केवळ डोळ्यांचाच विचार करतो. स्पर्श, नाद, गंध आणि रुची यांना आराखड्यात क्वचितच स्थान मिळते. वाराणसीचे घाट मात्र याला अपवाद आहेत. येथे गंगा उत्तरवाहिनी असल्याने पश्चिम तीरावरील पूर्वाभिमुख पायऱ्यांवर सूर्याची पहिली किरणे थेट येतात. १८व्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेला घाट आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

दृष्टी गमावलेल्या माझ्या आईसमवेत तेथे गेलो, तेव्हा या रचनेचे मर्म उमगले. तळपायांना दगडाचा गारवा, वल्ह्यांचा नाद, झेंडू व धुपाचा गंध, कुल्हडातील चहाची मातकट चव. तिला जणू घाट दिसत होता! परंतु उंच पायऱ्या उतरताना आधाराला कठडा नव्हता; प्रत्येक पाऊल तिला माझ्या हाताच्या आधारानेच टाकावे लागले.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक जागा सुगम असणे आवश्यक मानले आहे. आपल्या वसाहतीतील उद्यान आखताना मोगऱ्याच्या चार झाडांबरोबरच एक कठडा आणि एक सौम्य उतार यांचाही विचार अवश्य व्हावा. जेथे सर्वांना पोहोचता येते, तीच जागा सर्वांगसुंदर!