मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल: कुकर, चायना ग्रास आणि जांभळी बोटं

बी.एस्सी.च्या वर्गात मायक्रोबायोलॉजीची मुलं ओळखायची कशी? बोटांवरच्या जांभळ्या डागांवरून! या विषयाचं लेक्चर फळ्यावर होतं, पण गोडी लागते ती लॅबमध्ये. त्यातल्याच या काही गमतीजमती.

जेलीची कमाल: पूर्वी जिवाणू जिलेटिनवर वाढवत. पण ३७ अंशांना ते वितळायचं, काही जिवाणू तर तेच फस्त करायचे! १८८१ मध्ये फॅनी हेसे यांनी जेली घट्ट करणारं अगार सुचवलं. म्हणजे आपला चायना ग्रास. प्लेटमध्ये आजही तेच ओततात.

कुकरचा थोरला भाऊ: ऑटोक्लेव्ह. १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. चिवट बीजाणूसुद्धा खलास!

उलटी प्लेट: १८८७ मध्ये ज्युलियस पेट्रींनी झाकणाची बशी आणली. इनक्युबेटरमध्ये ती पालथी ठेवायची, नाहीतर झाकणावरचं पाणी कॉलन्यांवर ठिबकतं. नाव घालायचं ते तळाला, कारण झाकणांची अदलाबदल होते.

जांभळा की गुलाबी? हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांची १८८४ ची रंगपद्धत. जाड भिंतीचे जिवाणू जांभळे राहतात, बाकीचे गुलाबी दिसतात. रंग धुवायचं अल्कोहोल थोडा वेळ जास्त राहिलं, की जांभळेही गुलाबी!

पाण्याची गरज: जंतू मारायला शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचं सरस. प्रथिनं मोडायला पाणीही लागतं.

एकाचे वीस लाख: ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं, तर दर २० मिनिटांनी एकाचे दोन होतात. सकाळी नऊला एक असेल, तर दुपारी चारला वीस लाखांवर!

पिंपरीचं नाव जगात: बुरशीवरचं औषध हॅमायसिन ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हा शोध पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधला.

गुलाबी लोणार: जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या संशोधकांना त्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीव सापडले. रंग त्यांचाच!

आज रात्री विरजण लावताना आठवा: कोमट दूध म्हणजे मीडियम, चमचाभर दही म्हणजे कल्चर, उबदार कोपरा म्हणजे इनक्युबेटर. घरात बारावीचं कुणी असेल, तर विषय ठरवण्याआधी त्याला एकदा मायक्रोबायोलॉजीची लॅब जरूर दाखवा.